तळाची डाळ कुणाच्या ताटात?

दिवाळीची सुट्टी संपली आणि आमच्या चिरंजीवांनी जिम लावली. एसटी स्टँडसमोरच्या कॉम्प्लेक्समध्ये, मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. हल्ली आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातही दोन-तीन जिम निघाल्या आहेत, तेव्हा त्यात नवल काही नाही. कट्ट्यावर बसून वेळ घालवण्यापेक्षा हे बरं, म्हणून मीही खुशीत होते. पंधरा दिवसांनी मात्र जेवताना त्याने विषय काढला.

‘‘आई, तीन हजार रुपये हवे होते. प्रोटीनचा डबा आणायचाय. नुसत्या पोळी-भाजीने बॉडी होत नाही, सर म्हणाले.’’

‘‘देऊन टाक,’’ ह्यांनी ताटातून मान वर न काढताच सांगितलं, ‘‘वाढतं वय आहे त्याचं.’’

आमची कन्या तिथेच बसली होती. ती कॉलेजच्या कबड्डी संघात आहे. रोज संध्याकाळी दोन तास मैदानावर माती खाऊन येते. ती हसत हसत म्हणाली, ‘‘मी तीन वर्षं खेळतेय, मला कुणी डबा आणला नाही तो?’’

सगळे हसले, मीही हसले. पण रात्री ओटा पुसताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. खरंच, तिला काय लागतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. कोल्हापूरसारख्या शहरात पैलवानांच्या खुराकाचं केवढं कौतुक असतं! गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला लोक लांबून येतात. थंडाई, बदाम, तूप, मटण, सगळं मापून. खुराक हा शब्दच आपण पुरुषाला जोडून टाकला आहे. बाईच्या खुराकाची चौकशी होते ती फक्त बाळंतपणात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आणि तेही ‘बाळाला दूध पुरलं पाहिजे’ म्हणून. सव्वा महिना संपला की लाडवांचा डबाही संपतो.

तर मी ठरवलं, डब्याचे पैसे देण्याआधी हिशेब करायचा. किराणाचा करतो, दुधाचा करतो, मग प्रथिनांचा का नाही? कन्येने मोबाइलवर माहिती शोधली, मी वही घेतली, आणि रविवारी दुपारी आमची बैठक बसली.

माणसाला रोज प्रथिनं लागतात तरी किती? आपल्याकडे हे ठरवते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. २०२० साली त्यांनी सुधारलेलं प्रमाण असं : निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला ५४. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाईला यावर आणखी २२ ग्रॅम लागतात. हे झालं रोजच्या जगण्यापुरतं. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर जास्त लागतं. पण किती जास्त? इथेच जिममधल्या गप्पा आणि शास्त्र वेगळं बोलतात. २०१८ साली ४९ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनांचा उपयोग होतो, त्यापुढे कितीही खाल्लं तरी सरासरीने स्नायूंत भर पडत नाही. पोषण संस्थेने २०२४ साली जी आहार-मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्यातही हाच आकडा आहे. आणि स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेऊ नयेत, असा स्पष्ट सल्लाही आहे. त्यांत घातलेली साखर, गोडी आणणारे इतर पदार्थ आणि कृत्रिम स्वाद हे त्याचं एक कारण.

डब्यात असतं तरी काय? दूध फाडून पनीर केलं की खाली पिवळसर पाणी उरतं ना, जे आपण कणीक भिजवायला वापरतो, तसंच पाणी चीज करतानाही उरतं. त्यातली प्रथिनं वेगळी काढून, वाळवून केलेली ही पूड. विष नव्हे, पण अमृतही नव्हे.

आमचा मुलगा ७० किलोचा. म्हणजे त्याला जास्तीत जास्त ११२ ग्रॅम. आता तो खातो काय ते मांडलं. दोन पेले दूध १४ ग्रॅम. दिवसभरात सात पोळ्या, प्रत्येकी ३ प्रमाणे २१. दोन वाट्या दाट आमटी ७, वाटीभर उसळ ७, तीन अंडी १८, वाटीभर दही ५, मूठभर शेंगदाणे ७, भात ३. बेरीज ८२. उरलेल्यासाठी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घातल्या की १५ ग्रॅम आणि ५० ग्रॅम फुटाणे खाल्ले की ११. झाले १०८! वड्या आणि फुटाणे मिळून खर्च रोज दहा-पंधरा रुपये. डबा नको, हे त्यालाही पटलं. निदान तोंड तरी वाकडं केलं नाही.

मी वही मिटणार, तेवढ्यात कन्या म्हणाली, ‘‘आई, आता तुझी बेरीज कर.’’

‘‘माझी कशाला? मला कुठे बॉडी करायचीय?’’

‘‘कर तर खरी.’’

केली. सकाळ-दुपारच्या चहातलं दूध ३ ग्रॅम. पोहे ४. दुपारी दोन पोळ्या ६, भाजी २, आमटी २, भात ३. संध्याकाळी चहाबरोबर टोस्ट १. रात्री एक भाकरी ५, उरलेली भाजी किंवा उसळीचा रस्सा ३, ताक १. किती झाले? ३० ग्रॅम. माझं वजन ५८ किलो. नुसतं नीट जगण्यासाठी मला ४८ ग्रॅम हवेत. ज्या घरात मुलाला ८२ ग्रॅम मिळत होते आणि तरी तीन हजारांचा डबा मागवला जात होता, त्याच घरात मला ३० मिळत होते. आणि हे माझ्या हातचंच वाढणं होतं. दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोयही नाही!

तुम्ही म्हणाल, आमटी सगळ्यांना सारखीच ना? मग त्याला ७ आणि मला २ कशी? मैत्रिणींनो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी आमटीला दीड वाटी, म्हणजे मोठ्या मापाची दीडशे ग्रॅम तूरडाळ शिजवते. तिच्यात ३३ ग्रॅम प्रथिनं. माणसं पाच. सारखी वाटली तर प्रत्येकाला साडेसहा. पण डाळ बसते तळाला. पहिल्या पंगतीला पळी तळापर्यंत जाते, शेवटी बसणारीसाठी पातेल्यात पाणी घालून उकळी आणलेली असते. अंड्यांचं तेच. डझनभर आणते, मी खात नाही अशातला भाग नाही, पण माझ्यापर्यंत ती पोचत नाहीत. दुधाची साय मुलांना, उसळीतली मटकी ह्यांना, रस्सा मला. हे कुणी सांगितलेलं नाही. आपणच आपल्याला लावून घेतलेली सवय आहे ही. आईला असं करताना पाहिलं, तिने तिच्या आईला.

त्यात आपले उपास. चतुर्थी, एकादशी, कुणाचा गुरुवार, कुणाचा शुक्रवार. उपासाला साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाही नाहीत. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. उपास सोडा असं मी म्हणत नाही, मीही करते. पण उपासाला दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा हे सगळं चालतंच की! राजगिऱ्यात तर गव्हापेक्षा थोडी जास्तच प्रथिनं असतात. मग आपण बटाटा आणि साबुदाणा यांच्यावरच का अडून बसतो?

आता कुणी म्हणेल, दहा-पंधरा ग्रॅमनी काय बिघडतं? इतकी वर्षं चाललंच ना? मलाही तसंच वाटत होतं. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण त्या उभ्या राहीनात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी त्यांच्या मांडीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘हाड नाही हो, इथे मांसच उरलेलं नाही. पाय उचलणार कशाने?’’ शहात्तर वर्षांची, पंचेचाळीस किलोची बाई. दात नाहीत म्हणून रोज मऊ भात, पातळ वरण आणि चहा-बिस्कीट. आम्ही सगळे समजत होतो, की म्हातारपणी एवढंच लागतं. उलट आहे. २०१३ साली वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने पासष्टीपुढच्या माणसांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवली, म्हणजे तरुणांपेक्षा जास्त.

त्याच ताई जाता जाता मला म्हणाल्या, ‘‘तुम्ही जमिनीवरून हात न टेकता उठून दाखवा बघू.’’ मी सत्तेचाळीस वर्षांची. दिवसभर घरात भिरभिरणारी. मला नाही उठता आलं. एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर, ‘अगं बाई गं’ करत उठले. तेव्हा विनोद झाला. आता त्या वहीतल्या ३० या आकड्याकडे पाहताना मला माझा हात जमिनीवर टेकलेला आठवला, आणि सासूबाईंची मांडीही.

साधारण तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू झिजायला लागतात. दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के, साठीनंतर आणखी वेगाने. बायकांच्या अंगात मुळात स्नायू कमी, त्यात पाळी गेली की हाडंही विरळ होऊ लागतात. शरीराला चरबी साठवता येते, पण प्रथिनांची अशी वेगळी साठवण नसते. कमी पडली की शरीर स्नायूच मोडून वापरतं. आपण महिन्याच्या शेवटी ठेव मोडतो ना, तसं. आणि हे बाहेरून दिसत नाही, कारण झिजलेल्या मांसाच्या जागी चरबी येते. वजनकाटा तेच वजन दाखवतो. मग एक दिवस बरणीचं झाकण उघडत नाही, एसटीची पायरी चढवत नाही, आणि आपण म्हणतो, ‘वय झालं’.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रथिनं किती खावीत हा प्रश्न जिममधल्या पोरांचा असेल, पण त्यांच्याआधी तो आपला आहे. त्यांना दंडावर बेटकुळी हवी असते. आपल्याला म्हातारपणी कुणाचा हात न धरता संडासला जाता यायला हवं असतं. सांगा, जास्त निकड कुणाची?

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, ‘आमच्या आज्या भाकरी-चटणी खाऊन ठणठणीत होत्या.’ होत्या, पण त्या जातं ओढत होत्या, विहिरीचं पाणी शेंदत होत्या, डोक्यावर भारे वाहत होत्या. आणि त्यांच्या ताटात नुसती चटणी नव्हती. कोकणात कुळथाची पिठी, किनाऱ्यावर सुकट-बोंबील, देशावर मटकी, हुलगे, झुणका आणि ताक होतं. शिवाय सगळ्याच ठणठणीत होत्या असंही नाही. कमरेत वाकून काठीला लागलेल्या आज्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, त्यांची आपण मोजदाद करत नाही इतकंच.

दुसरा आक्षेप, ‘बायकांनी वजनं उचलली तर पुरुषांसारख्या दिसतील.’ तसं होत नाही. पुरुषांचे स्नायू ज्या संप्रेरकामुळे फुगतात ते बायकांच्या अंगात फारच थोडं असतं. आणि दिसल्या दणकट, तर बिघडलं कुठे? सांगलीचं सरगर भावंडांचं घर पाहा. वडिलांची चहाची टपरी. २०२२ साली संकेत सरगरने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारोत्तोलनाचं रौप्यपदक मिळवलं, हे पुष्कळांना आठवतं. पण त्याच्या दोन महिने आधी त्याच्या धाकट्या बहिणीने, काजोलने, खेलो इंडिया युवा स्पर्धेत चाळीस किलो गटात वजनं उचलून सुवर्णपदक आणलं होतं. एकाच घरात भावाला आणि बहिणीला सारखीच वजनं उचलायला दिली, तर काय होतं ते दिसलं.

पण एक गोष्ट मात्र जिमवाल्या सरांची खरी. नुसतं खाऊन स्नायू होत नाहीत. १९९४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात एक प्रयोग झाला. शंभर अशक्त म्हातारी माणसं, सरासरी वय ८७, त्यांत ६३ बायका. काहींना पायांनी वजन ढकलण्याचे व्यायाम दिले, काहींना नुसतं पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नुसतं पेय पिणाऱ्यांना काहीच फायदा झाला नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी ताकद दुप्पट! मग सत्तेचाळिसाव्या वर्षी ‘आता काय उरलंय’ म्हणायचं तोंड कुठे आहे मला?

‘दिवसभर काम करतो, तोच आमचा व्यायाम,’ असं आपण म्हणतो. मीही म्हणायचे. घरकामाने माणूस दमतं, पण स्नायूंना रोज तोच तो भार पडतो, वाढता भार पडत नाही. त्यामुळे दमणूक होते, ताकद वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करायला सांगते. त्याला जिम लागत नाही. हात न लावता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं. भिंतीला हात टेकून अंग पुढे-मागे करणं. पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या उचलणं आणि सोपं झालं की पाच किलोची तांदळाची पिशवी. सुरुवात खुर्चीपासून करा. गुडघेदुखी, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि खायचं काय? महाग काहीच नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांत ७, पण त्यात तेलही भरपूर, तेव्हा मूठ आपलीच धरा, ह्यांची नको. फुटाणे मूठभर खाल्ले तर ६-७. चाळीस ग्रॅम बेसनाच्या झुणक्यात ८-९. वाटीभर दह्यात ५. मांसाहार करणाऱ्यांना मासे, कोंबडी आहेच, आणि सुकट-सुके बोंबील तर प्रथिनांची खाण, वाळल्यामुळे वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनंच! शाकाहारी बायकांनी घाबरायचं कारण नाही. गहू, ज्वारी, तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळींमध्ये भरपूर असतो. डाळींत जो मेथिओनिन कमी असतो तो धान्यांत मिळतो. म्हणजे वरण-भात, झुणका-भाकरी, उसळ-पोळी ही जोडी आपल्या आज्यांनी शास्त्र न वाचता जमवलेली आहे. फक्त त्यातलं वरण, झुणका आणि उसळ आपल्याही ताटात पडली पाहिजे. एकदम रात्री खाण्यापेक्षा तिन्ही वेळा थोडं थोडं खाल्लेलं बरं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

आमच्या घरी सध्या असं चाललंय. सकाळच्या पोह्यांबरोबर मी एक अंडं खाते. दुपारी दाट उसळ वाटीभर, सगळ्यांबरोबर बसून. चारला टोस्टऐवजी फुटाणे. रात्री दही. बेरीज पन्नाशीच्या वर गेली आहे. कन्येलाही आता दोन अंडी आणि पेलाभर दूध जास्त मिळतं, मैदानावरून आल्या आल्या. सासूबाईंच्या मऊ भातात मुगाचं दाट वरण, संध्याकाळी बिस्किटांऐवजी दही किंवा मऊ ऑम्लेट. त्यांनी आधी नाक मुरडलं, ‘या वयात मला कशाला गं अंडी?’ म्हणाल्या. आता त्या खुर्चीचे हात धरून स्वतः उठतात. मी अजून जमिनीवरून हात न टेकता उठत नाही, पण गुडघ्यावरचा हात सुटला आहे. चिरंजीव जिमला जातातच, डब्याचं नाव काढत नाहीत. परवा भिशीत मी हे सगळं सांगितलं, तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, पण डाळ तेवढीच, खाणारी तोंडं तेवढीच. मी जास्त घेतली तर कुणाला तरी कमी पडणारच ना?’’

तिचं घर हातावर पोट असलेलं आहे. तिला ‘अंडी आण, दही लाव’ सांगणं सोपं नाही, हे मला कळतं. तिला मी एवढंच म्हटलं, जास्त घेऊ नकोस, तुझ्या वाटणीची तेवढी घे. आमटी वाढताना पळी पातेल्याच्या तळापर्यंत घाल, नीट ढवळ, आणि पाच जणांच्या पाच वाट्या एकदम भर. त्यातली एक तुझी. ती झाकून ठेव आणि नंतर कुणी मागितली तर देऊ नकोस.

ती हसली. ‘‘शेवटचंच अवघड आहे गं,’’ म्हणाली.

आहेच. पण सुरुवात तिथूनच करावी लागेल.